शिडांचा मोसम आणि मराठी लेखणी

आश्विन लागला की जबलपूरजवळ भेडाघाटात नर्मदेचे पाणी निवळू लागते. पावसाळाभर गढूळ लोंढ्याने भरलेली संगमरवरी कड्यांमधली चिंचोळी वाट नौकांना पुन्हा खुली होते, आणि शरद पौर्णिमेच्या रात्री, म्हणजे मराठी घरांतल्या कोजागिरीला, चांदण्यात उजळलेले कडे पाहण्यासाठी तिथे माणसांची गर्दी लोटते. या नौका वल्ह्यांच्या आहेत. त्यांना शीड नाही, आणि त्यांना जायचे अंतरही थोडेच असते. जबलपूरच्या मराठी माणसाचा शरद ऋतूतल्या जलप्रवासाशी उरलेला संबंध आज बहुधा एवढाच आहे.

मुळात हा संबंध पुष्कळ लांबचा आहे. १७८१ साली गढा-मंडल्याचे गोंड राज्य आणि त्याबरोबर जबलपूर सागरच्या मराठ्यांच्या हाती आले. १७९८ मध्ये ते नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी घेतले. सागरच्या ज्या सत्तेमागोमाग मराठी कारकून, फडणीस, वैद्य आणि उपाध्याय या मुलखात पोचले, त्या सत्तेचा संस्थापक गोविंद बल्लाळ खेर, इतिहासातले गोविंदपंत बुंदेले, हा रत्नागिरीजवळच्या नेवरे गावचा. नेवरे समुद्रावर आहे. उत्तरेला गणपतीपुळे व मालगुंड, दक्षिणेला रत्नागिरी, आणि पश्चिमेला सरळ अरबी समुद्र. या किनाऱ्यावरून उठलेले एक घराणे बुंदेलखंडात जाऊन राज्य करते, त्याच्या अमलाचा मुलूख नर्मदेच्या वरच्या खोऱ्यापर्यंत पसरतो, आणि चार-सहा पिढ्यांत त्या मुलखातल्या मराठी बोलीतून समुद्राचे शब्द नाहीसे होतात. यात आश्चर्य नाही. आश्चर्य आहे ते असे की, जे जबलपुरात झाले तेच पुण्यातही झाले. समुद्र ज्यांच्या दाराशी होता त्या लोकांच्या भाषेचे साहित्य समुद्राकडे पाठ करून वाढले. कोकण मराठी वाङ्मयात आहे, विपुल आहे. पण ते तांबड्या मातीचे, माडापोफळींचे, भाऊबंदकीचे आणि भुताखेतांचे कोकण आहे. शतकानुशतके ज्याचा हमरस्ता समुद्र होता, ते कोकण त्यात क्वचितच भेटते.

या हमरस्त्याचा सर्वांत जुना तपशीलवार लेख मराठी नाही, ग्रीक आहे. आणि योगायोग असा की तो नर्मदेच्या मुखाशी सुरू होतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोणा अज्ञात व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरवर्णनात भडोचला, म्हणजे भृगुकच्छाला, जाण्याची वाट किती अवघड आहे ते बारकाईने सांगितले आहे. भरतीचे पाणी नदीत कसे अकस्मात चढते, ओहोटीला तळ कसा उघडा पडतो, परक्या जहाजांना वाट दाखवण्यासाठी राजाच्या चाकरीतले स्थानिक कोळी आपल्या लांब होड्या घेऊन कसे सामोरे येतात, हे सर्व त्यात आहे. तिथून किनारा दक्षिणेकडे सरळ जातो, असे सांगून तो लेखक बंदरांची माळ ओवीत जातो: सोपारा, कल्याण, चौल आणि पुढची काही नावे, ज्यांची ओळख पटवण्यात विद्वानांची एक पिढी खर्ची पडली. त्याच नहपानाच्या काळात त्याचा जावई उषवदात याने नाशिकच्या लेण्यात जो लेख कोरवला, त्यात पारदा, दमण, तापी, डहाणुका अशा नद्यांवर नावांनी विनामूल्य उतार करून दिल्याची नोंद आहे. हा दानधर्म किनाऱ्याच्या वाटेवरचा आहे. किनाऱ्याने खाली जाणारा माणूस जमिनीवरून गेला तर दर काही कोसांवर त्याला खाडी आडवी येते. पाण्यावरून गेला तर याच खाड्या त्याला निवारा देतात. कोकणचा सारा भूगोल या एका गोष्टीत आहे.

या वाटेला मात्र दार होते, आणि ते वर्षातून काही महिने बंद असे. 'मोसम' हा मराठीत रुळलेला शब्द मूळ अरबी आहे. ठरावीक कामाला योग्य असा काळ, हंगाम, हा त्याचा अर्थ. आणि अरब नावाड्यांच्या तोंडी तो जहाजे हाकारण्याचा काळ होता. पोर्तुगिजांनी तो उचलला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला आणि पावसाचे नाव होऊन बसला. आज मराठी वर्तमानपत्रांतही मोसमी वारे म्हटले की पाऊसच डोळ्यांपुढे येतो. निदान कोकण किनाऱ्यापुरता हा अर्थाचा उलटा फेरा आहे: ज्या दिवसांत शीड उतरवून ठेवायचे, त्या दिवसांना शीड उभारण्याच्या काळाचे नाव मिळाले.

किनाऱ्यावरच्या लोकांनी स्वतःसाठी वेगळा शब्द राखला होता. ज्येष्ठात पाऊस जवळ आला की आगोट येई. गलबते किनाऱ्यावर ओढून घ्यायची, शिडे, दोर, डोलकाठ्या उतरवायच्या, वर झापांचे छप्पर घालायचे, घरात धान्य, मीठ, सुकी मासळी भरून घ्यायची, ही सारी आगोटीची कामे. पुढचे दोन-अडीच महिने नैर्ऋत्येचा वारा किनाऱ्यावर सरळ आदळत असतो. त्या दिवसांत किनारा हाच जहाजाचा सर्वांत मोठा शत्रू असतो. श्रावणातल्या पौर्णिमेला समुद्राला नारळ देऊन दार उघडल्याचे मानतात. पण नारळ दिला म्हणून समुद्र लगेच निवळत नाही. भाद्रपदात वाऱ्याचा जोर ओसरला तरी पावसाळ्याची लांब, जड लाट किनाऱ्यावर येतच राहते आणि खाड्यांच्या मुखावरच्या वाळूच्या दांड्यांवर फुटते. हस्ताचा गडगडाटी पाऊस संध्याकाळी जमिनीकडून चालून येतो. जाणता तांडेल नारळी पौर्णिमेनंतरही काही दिवस वाट पाही. खरा प्रवास आश्विनाचा.

आश्विनात वाऱ्याचे दिवसाचे वेळापत्रक सुरू होते. रात्री जमीन निवते आणि उत्तररात्रीपासून किनाऱ्याकडून समुद्राकडे मतलई वारा वाहू लागतो. सकाळी तो पडतो, मध्ये काही वेळ समुद्र तेलासारखा स्थिर असतो. मग दुपारपर्यंत खारा वारा उठतो आणि तो बहुधा वायव्येकडून येतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याला हे दोन्ही वारे अनुकूल. पहाटे मतलईवर खाडीबाहेर पडावे, दुपारी वायव्येचा वारा पाठीवर किंवा कुशीवर घेऊन किनाऱ्याला समांतर चालावे, संध्याकाळी एखाद्या डोंगरसोंडेच्या दक्षिण अंगाला नांगर टाकावा. अशा सोंडा किनाऱ्याने जागोजाग काढून ठेवल्या आहेत. रत्नागिरीच्या किल्ल्याचे टेकाड घ्या. नैर्ऋत्येचा वारा असेल तेव्हा त्याच्या उत्तरेचा मिऱ्याकडचा भाग आडोशाचा. वारा वायव्येला फिरला की दक्षिणेची मांडवी आडोशाची. एकाच गावाला दोन ऋतूंची दोन बंदरे.

मुंबईहून मालवण हे अंतर सुमारे पावणेदोनशे सागरी मैलांचे. खांदेरी-उंदेरी, कुलाबा, चौलची खाडी, दंडा-राजपुरी आणि जंजिरा, श्रीवर्धन, सावित्रीच्या मुखाशी बाणकोट, हर्णैचा सुवर्णदुर्ग, वाशिष्ठीवर दाभोळ, शास्त्रीवर जयगड, मग नेवऱ्याचा किनारा, रत्नागिरी, पूर्णगड, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड: ही नावे किल्ल्यांची म्हणून शाळेत पाठ केली जातात. तांडेलाच्या लेखी ती रात्रीच्या मुक्कामांची यादी होती. किल्ला मुक्कामाच्या जागी उभा राहिला, कारण मुक्काम अगोदर होता. खाडीत शिरायचे तर भरतीवर शिरायचे, आणि उधाणाची भरती कोणत्या तिथीला व भांगाची कोणत्या, हे पंचांगावरून ठरायचे. ब्राह्मणाघरचे पंचांग आणि कोळ्याचा अनुभव या एका ठिकाणी एकमेकांना भेटत असत.

परतीची गोष्ट वेगळी. तिरप्या परभाणावर ताणलेले मोठे शीड कुशीच्या वाऱ्यावर सुरेख चालते. पण समोरच्या वाऱ्यावर नागमोडी चालायचे तर प्रत्येक वळणाला ते जड परभाण डोलकाठीच्या दुसऱ्या अंगाला न्यावे लागते. म्हणून उत्तरेकडे जाणारे गलबत रात्रीच्या मतलईवर आणि भरतीच्या ओढीवर थोडे थोडे चढत जाई. जाताना जे दिवसांत झाले त्याला येताना किती लागतील हे कोणी सांगू शकत नसे. याचा एक प्रसिद्ध दाखला खुद्द शिवाजी महाराजांच्या चरित्रात आहे. फेब्रुवारी १६६५ मध्ये मालवणहून तीन मोठी जहाजे आणि पंच्याऐंशी लहान गलबते घेऊन ते बसरूरच्या स्वारीवर गेले. त्यांनी जातीने केलेली ही एकच सागरी मोहीम. ग्रँट डफ नोंदवतो की त्या दिवसांत सतत वाहणाऱ्या वायव्येच्या वाऱ्याने त्यांना अपेक्षेपेक्षा अधिक काळ दक्षिणेत अडकवून ठेवले. शिवचरित्राच्या वाचकांना ही ओळ एक तपशील वाटते. वस्तुतः ती किनाऱ्याचा नियम सांगते, आणि घोड्यावर बसून सह्याद्री ओलांडणाऱ्या राजालाही तो नियम मोडता आला नाही, असे सांगते.

तोच नियम त्यांच्या आरमाराने चौदा वर्षांनी शत्रूवर उलटवला. खांदेरीचा प्रसंग शरदाच्या तोंडावरचा आहे, आणि मराठी इतिहासलेखनात तो शौर्यकथा म्हणून जितका सांगितला जातो तितका ऋतूची गोष्ट म्हणून सांगितला जात नाही. ऑगस्ट १६७९ च्या अखेरीस मायनाक भंडारी आपली माणसे घेऊन मुंबई बंदराच्या दक्षिणेच्या त्या ओसाड बेटावर उतरला आणि तटबंदीला हात घातला. समुद्र अजून पुरता निवळला नव्हता. इंग्रजांची मोठी जहाजे अशा दिवसांत बेटाभोवती सतत उभी राहू शकत नव्हती, आणि उभी राहिली तरी उथळ पाण्यात शिरू शकत नव्हती. मराठ्यांच्या हलक्या होड्या थळ आणि नागावच्या बाजूने रात्रीच्या अंधारात, वारा पडलेला असेल तेव्हा वल्ही मारीत, दगड, चुना आणि शिधा बेटावर पोचवीत राहिल्या. १९ सप्टेंबरला उतरण्याचा प्रयत्न करताना इंग्रज अधिकारी थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखान आपला तांडा घेऊन बाहेर पडला. त्याने पहाट का निवडली हे कागदपत्रे सांगत नाहीत. पण त्या वेळी वारा किनाऱ्याकडून असतो, थोड्या वेळाने तो पडतो, आणि वारा पडला की वल्ह्यांची नौका शिडाच्या जहाजापेक्षा वेगाने वळते, एवढे ध्यानात घेतले तर वेगळ्या स्पष्टीकरणाची गरज राहत नाही. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब मराठ्यांच्या हाती पडली, बाकीची लहान जहाजे पांगली. केग्विन ज्यावर होता ते 'रिव्हेंज' तेवढे ठाम राहिले आणि त्याच्या तोफांनी दौलतखानाला माघारी फिरावे लागले. म्हणजे त्या दिवशीची लढाई कोणी जिंकली यावर वाद होऊ शकतो. बेट कोणाकडे राहिले याबद्दल वाद नाही. १६८० च्या आरंभी इंग्रजांनी तह करून वेढा उठवला.

या प्रसंगाची दिनवार हकीकत कशात आहे? मुंबई आणि सुरतेच्या इंग्रज वखारींच्या पत्रव्यवहारात. आपल्या बोजड जहाजांना मराठ्यांच्या चपळ होड्या सापडत नाहीत, ही तक्रार इंग्रजांनीच लिहून ठेवली, म्हणून आज ती आपल्याला ठाऊक आहे. मायनाक भंडाऱ्याच्या बाजूने तो पावसाळी समुद्र, ती रात्रीची वल्ही कशी होती, याचे चार ओळींचे मराठी कथन नाही. बखरकारांना घोडदळाच्या तुकड्यांची मोजदाद करता येत होती, तांडेलांची नावे त्यांना ठाऊक नव्हती. देशावरच्या फौजेचे वर्ष दसऱ्याला सुरू होई. सीमोल्लंघन, सोने लुटणे, डेरे बाहेर पडणे या साऱ्यांची वर्णने मराठीत पिढ्यान्‌पिढ्या होत आली. पाण्यावरचे सीमोल्लंघन त्याआधी जवळजवळ दोन महिने नारळी पौर्णिमेला होई. त्याची बखर झाली नाही.

एक अपवाद आहे, आणि तो अपवाद म्हणून सोडून देण्याजोगा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तले आरमाराचे प्रकरण, काळ १७१५, हे मराठी गद्यातले समुद्राविषयीचे पहिले विचारपूर्वक केलेले लेखन म्हणता येईल. आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग आहे हे त्यातले विधान सर्वांना माहीत असते, भाषणांतून उद्धृतही होते. परंतु त्या प्रकरणाचे गद्य म्हणून मोल पुढच्या तपशिलात आहे. गुराबा फार थोर नकोत, फार लहान नकोत, मध्यम असाव्यात. एका सुभ्याला पाच गुराबा व पंधरा गलबते असावीत. आरमाराचा खर्च बंदराच्या उत्पन्नावर टाकू नये, कारण मग सावकाराला उपद्रव होतो आणि बंदरे मोडतात. पावसाळ्यात आरमाराची छावणी किल्ल्याच्या आश्रयाला करावी, पण दरवर्षी एकाच बंदरात करू नये, कारण दर्यावर्दी लोक कितीही धाकात ठेवले तरी गावाला त्यांचा त्रास होतोच. जहाजाला लाकूड लागते, तर ते सागवान आदी रानातले घ्यावे. आंबा, फणस यांना हात लावू नये, कारण ही झाडे रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात. अगदीच जीर्ण झाड असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे. या शेवटच्या कलमाचे पर्यावरणाच्या नावाने अलीकडे पुष्कळ कौतुक झाले, ते योग्यच आहे. तथापि साहित्याच्या विद्यार्थ्याने इथे दुसरी गोष्ट पाहावी. हा लेखक समुद्रावर काय होते आणि त्याचे किनाऱ्यावरच्या परसात काय होते, हे एका वाक्यरचनेत बांधू शकतो. आगोट, छावणी, लाकूड, सावकार, खलाशी आणि फणसाचे झाड त्याच्या गद्यात एका व्यवस्थेचे भाग आहेत. त्याच्यानंतर दोनशे वर्षे असे समुद्रगद्य मराठीत कोणी लिहिल्याचे दिसत नाही.

आज्ञापत्रानंतर चार दशकांनी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, विजयदुर्गच्या बंदरात तुळाजी आंग्र्याचे आरमार जळाले. ते जाळणाऱ्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांना तिथवर आणण्यात नानासाहेब पेशव्यांचा हात होता. पेशव्यांचे मूळ गाव श्रीवर्धन, म्हणजे तेही बंदरच. किनाऱ्यावरून घाट चढून गेलेल्या घराण्याने किनाऱ्याचे बळ स्वतःच्या संमतीने मोडू दिले, याची राजकीय मीमांसा इतिहासकारांनी भरपूर केली आहे. तुळाजीच्या उद्दामपणाचे दाखलेही त्यात येतात. वाङ्मयाच्या बाजूने एवढेच म्हणायचे की, ज्या शहरात पुढे मराठीचे प्रमाण गद्य घडले, त्या शहराने हा निर्णय घेतला होता. गोविंदपंतांचे वंशज त्याच सुमारास सागरच्या मुलखात स्थिरावत होते. दोन्ही हालचालींची दिशा एकच आहे: समुद्राकडून आत.

एकोणिसाव्या शतकातले मराठीतले सर्वांत गाजलेले प्रवासवर्णन याच दिशेने जाते. 'माझा प्रवास' लिहिणारे गोडसे भटजी कुलाबा जिल्ह्यातल्या वरसईचे. ते १८५७ च्या धामधुमीत पायी उत्तरेत गेले, आणि त्यांचे पुस्तक १९०७ साली प्रसिद्ध झाले. कोकणच्या माणसाने लिहिलेले हे अस्सल पुस्तक समुद्राकडे पाठ करूनच निघते. केशवसुत मालगुंडचे, नेवऱ्याचे शेजारी. कोकणापासून दूर असताना त्यांनी नैर्ऋत्येच्या वाऱ्याला उद्देशून कविता लिहिली, आणि त्या वाऱ्यावरून त्यांना आपला गाव आठवला. हा वारा आगोटीचा आहे, शिडे उतरवणारा आहे. कवीपर्यंत तो पावसाचा आणि घराचा निरोप्या म्हणून पोचतो, खलाशाच्या अर्थाने नव्हे. सावरकरांनी १९०९ मध्ये ब्रायटनच्या किनाऱ्यावर सागराला जे विनवले, त्यात सागर मायभूमीपासून तोडणारा आहे आणि तिच्याकडे परत नेईल असाही तोच. पण कवी उभा आहे तो वाळूवर. श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' (१९८७) या विस्तीर्ण कादंबरीचा प्राण जगबुडी नदीत आहे, तिच्यावरून होड्या येतात-जातात. तरी कादंबरी खाडीच्या मुखाबाहेर फारशी जात नाही. ही कोणाची उणीव दाखवण्याचा हेतू नाही. लेखक जिथे उभा असतो तिथून त्याला दिसते, आणि मराठी लेखक जवळजवळ नेहमी धक्क्यावर उभा होता.

गलबतात जो बसला होता त्याला लिहिता येत नव्हते. हे उत्तर सोपे आहे आणि बऱ्याच अंशी खरेही आहे. मात्र ते पुरेसे नाही. कच्छ-गुजरातच्या मालमांनी किनाऱ्याचे आराखडे, ताऱ्यांच्या उंचीच्या नोंदी आणि बंदरांची अंतरे यांच्या पोथ्या केल्या, त्या जपल्याही गेल्या. मराठी वाङ्मयेतिहासात अशा एखाद्या पोथीला प्रकरण मिळालेले नाही. कोकणच्या तांडेलाचे ज्ञान त्याच्या शब्दांत राहिले, आणि ते शब्द फार बोलके आहेत. बंदर व दर्या फार्सी. नाखवा हा फार्सी नाखुद्याचा मराठी अवतार. खलाशी, सुकाणू अरबी. गुराब म्हणजे अरबीत कावळा. आरमार पोर्तुगीज आर्मादावरून. या परदेशी थराच्या शेजारी डोलकाठी, शीड, नाळ, वल्हे, मतलई, भांग, उधाण ही घरची शब्दसंपत्ती. मराठीत दुसऱ्या कोणत्याही धंद्याने इतक्या भाषांशी इतका सहज व्यवहार केला नसेल. आणि गलबत चालवण्याला मराठीने जे क्रियापद दिले ते 'हाकारणे'. ते गाड्याच्या बैलांना हाकण्याच्या अगदी जवळचे आहे. शेतकऱ्याच्या भाषेने समुद्रावर पाऊल टाकले ते असे.

मार्च १८७० मध्ये जबलपूर येथे दोन लोहमार्ग जोडले गेले आणि मुंबई-कलकत्ता हा प्रवास आगगाडीने सलग होऊ लागला. मुंबईहून सुमारे हजार किलोमीटरवरचे जबलपूर वर्षाचे बाराही महिने मुंबईच्या हाताशी आले. मुंबईच्या गिरण्यांना माणसे पुरवणाऱ्या रत्नागिरी जिल्ह्याला मात्र त्याच मुंबईकडे जाण्यासाठी वाऱ्याची, नाहीतर आगबोटीची वाट पाहावी लागत होती. आगबोट शिडाला हळूहळू हटवीत गेली, तरी तिनेही बव्हंशी जुना मोसम पाळला. कोकणची बोट पावसाळ्यात बंद होई आणि तिच्याकडून किनाऱ्यावर माणसे उतरवण्याचे काम वल्ह्यांचे पडावच करीत. मुंबई-रेवस यांसारख्या जवळच्या फेऱ्या तेवढ्या भर पावसात चालू राहत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या सुमारास, रेवसला निघालेली 'रामदास' बोट मुंबई बंदराबाहेर बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली ती २६ जानेवारी १९९८ रोजी. जबलपूरला मिळाले ते कोकणाला मिळायला एकशे अठ्ठावीस वर्षे लागली.

या दीर्घ अवधीत शिडाच्या गलबतांचे काम संपले नव्हते. जळाऊ लाकूड, नारळ, मीठ, सुकी मासळी, मंगळूरची कौले असा माल घेऊन मचवे आणि फत्तेमाऱ्या विसाव्या शतकातही किनाऱ्याने जा-ये करीत होत्या. गॅझेटियरने १८८० मध्ये रत्नागिरीच्या खंडात त्यांच्या जातींची नोंद केली. ती नोंद इंग्रजी आहे. मराठीत आठवणी लिहिल्या गेल्या त्या आगबोटीच्या: भोंगा, धक्क्यावरची गर्दी, पडावात उडी मारताना धरलेला हात. त्या गोड आहेत. पण आगबोटीतला उतारू वाऱ्याकडे पाहत नाही, घड्याळाकडे पाहतो. मोसमाची जाणीव भाषेतून गेली ती इंजिनामुळे खरी, आणि त्याआधी ती लेखणीत उतरलीच नव्हती म्हणून ती गेल्याचे कोणाला कळलेही नाही. १९५० नंतर मासेमारीच्या होड्यांवरही यंत्रे बसू लागली आणि शीड घडी करून ठेवले गेले.

गेल्या काही वर्षांत शीड परत दिसू लागले आहे, पण वेगळ्या कारणाने. गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून नौदलातले दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून एकटे निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करून परतले. अशी प्रदक्षिणा एकट्याने करणारे ते पहिले भारतीय. निघण्याची तारीख पाहिली तर जुनाच मोसम दिसतो. त्यांचे या प्रवासाचे पुस्तक मात्र मूळ इंग्रजीत आहे. १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघालेल्या 'तारिणी'वरच्या सहा महिला अधिकाऱ्यांनीही पावसाळा सरतानाचीच वेळ धरली. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा म्हणून स्वीकार झाला. त्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग आहेत. दगडाची नोंद होऊ शकते. ज्या गलबतांच्या मुक्कामासाठी तो दगड रचला, त्यांचे परभाण किती लांब असे आणि वळणावर ते किती माणसे फिरवीत, याची उत्तरे अजून काही वृद्ध नाखव्यांच्या स्मरणात सापडतील. मराठी विभागांच्या प्रबंधांत ती शोधण्यात अर्थ नाही.

समुद्राचे दार आता कायद्याने उघडते. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारीची बंदी असते. १ ऑगस्टला ती उठते. तिथी मात्र सरकारी तारखेबरोबर चालत नाही. २०२३ साली श्रावण अधिक आल्यामुळे नारळी पौर्णिमा ३० ऑगस्टला पडली, आणि कायद्याने महिनाभर आधी खुल्या झालेल्या समुद्राला कोळीवाड्यांनी त्या दिवशी नारळ दिला.